डोकं सांभाळा

आमच्या ह्यांच्या तोंडून जन्मभरात सगळ्यात जास्त वेळा निघालेले शब्द कोणते, असं कुणी विचारलं तर मी हातातली इस्त्री खाली न ठेवता सांगेन. माझं नाव नाही, लेकीचं नाही, देवाचं तर नाहीच नाही. ‘डोकं सांभाळा.’ बस्स. येणाऱ्याला तेच, जाणाऱ्याला तेच, पोस्टमनला तेच. एकदा हे तापाने फणफणले होते, डॉक्टर घरी आले, तर अंथरुणातून मान वर करून म्हणतात, ‘डॉक्टर, डोकं सांभाळा.’ डॉक्टर चांगले बुटके होते.

लग्न होऊन मी पहिल्यांदा त्या घरात गेले तेव्हा हे पुढे आणि मी मागे. बोळ ओलांडला, चौक ओलांडला, मागच्या खोलीच्या दारातून हे वाकून आत गेले आणि वळून म्हणाले, ‘डोकं सांभाळ.’ तोवर माझं कपाळ चौकटीच्या वरच्या दगडावर आपटून झालं होतं. संसाराची सुरुवात ही अशी. टेंगूळ बघून शेजारीण हळूच विचारायची, नवरा मारतो की काय गं? मी म्हणायचे, नवरा नाही हो, घर मारतं.

घर आमचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढी जहागीर होती. घर एका संस्थेचं, आणि हे तिथले राखणदार. गल्लीत ह्यांना सगळे किल्लीवाले म्हणायचे आणि मला किल्लीवाल्यांची. लॉंड्रीत दिवसभर उभी राहून मी इस्त्री करते, पण तिथेही माझी ओळख तीच.

जुन्या पेठेतलं ते सगळ्यात अरुंद घर. दोन्ही बाजूंच्या घरांनी दाबून धरलंय म्हणून उभं आहे असं वाटावं. खाली दगड, वर लाकूड. दगडी भिंती इतक्या जाड की खिडकीच्या खोबणीत बसून मी कांदे चिरायचे. वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे, मधे विटा आणि माती भरलेली, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे, रस्त्यावर वाकून बघणारा. अगदी वर, छपराच्या टोकाशी, एक जाडजूड तुळई बाहेर काढलेली आणि तिला कप्पी. कधीकाळी तिथले व्यापारी मालाची पोती त्या कप्पीवरून माळ्यावर चढवायचे. खाली कमानींचं तळघर, तिथे बारा महिने ओल. आणि हे सगळं जोडणारा जिना भिंतीच्या पोटातून गोल गोल वर जाणारा, प्रत्येक पायरी मधोमध झिजून खोलगट झालेली. तो जिना बांधणारा मला भेटला असता ना, तर भरलेली बादली त्याच्या हातात दिली असती आणि म्हटलं असतं, चढ बाबा. जमिनी सगळ्या उतरत्या. लेक लहान असताना गोटी खाली ठेवायची आणि ती आपली आपण खिडकीपर्यंत जायची. पोरीला खेळण्यांची गरजच पडली नाही.

मागे छोटासा चौक आणि चौकाच्या पलीकडे आमचं बिऱ्हाड. एक स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून झोपायची खोली. सगळ्या घरात सगळ्यात ठेंगणं दार कुठलं, तर माझ्या स्वयंपाकघराचं.

आणि अशा घराला राखणदार कोण मिळाला? ताडमाड उंच माणूस. नशीब म्हणतात ते हेच. उमेदीत हे एका सुताराच्या हाताखाली त्या घराच्या खिडक्यांच्या झडपा दुरुस्त करायला आले होते. काम संपलं, सुतार गेला. पण नव्या लाकडाच्या झडपा रोज सकाळी उघडायला आणि संध्याकाळी मिटायला कुणीतरी हवं होतं, नाहीतर फुगून बसतात. संस्थेने ह्यांना म्हटलं, थोडे दिवस थांब. त्या थोड्या दिवसांत ह्यांचं लग्न झालं, लेक झाली, लेकीचं लग्न झालं, ह्यांचे केस गेले. झडपा तेवढ्या जागच्या जागी. रोज दारादारात वाकून वाकून ह्यांची मान पुढे आली ती आलीच. रस्त्यावर, उघड्या आभाळाखालीसुद्धा हे असे चालायचे, की कुणाला वाटावं ह्यांचं काहीतरी हरवलंय आणि ते शोधतायत.

बघायला येणाऱ्यांना हे घर दाखवायचे. मी कधीतरी सुट्टीच्या दिवशी मागे उभी राहून ऐकायचे आणि तोंडाला पदर लावून हसायचे. जिन्याच्या भिंतीत एक अरुंद भोक आहे. हे सांगायचे, इथून शत्रूवर नजर ठेवत. शत्रू! समोर शिंप्याचं दुकान. पुढे दुरुस्तीसाठी घर मोजायला नकाशावाल्या बाई आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, ‘काका, ते भोक जिन्यात उजेड यावा म्हणून आहे हो.’ ह्यांनी मान डोलावली, ‘असेल, असेल’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या पोरांना पुन्हा शत्रू दाखवला. घरी आल्यावर मी टोकलं तर म्हणतात, ‘उजेड बघायला पोरं एवढी चढून येतील का?’

आता डागाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या डागाने केलं. माझ्या शेगडीच्या मागच्या भिंतीवर, डोक्याच्या जरा वर, एक तपकिरी डाग होता. दर वर्षी थंडी सरली की हे सगळ्या बिऱ्हाडाला चुना लावायचे. दोन हात, तीन हात. भिंत दुधासारखी पांढरी व्हायची. आणि महिना दीड महिना गेला की तो डाग हळूच वर यायचा, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. मी म्हणायचे, तुम्ही चुना पातळ करता. हे म्हणायचे, तू दूध उतू घालवतेस. या एका डागावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी दोन्हीकडच्या नातेवाइकांवरून झाली नाहीत.

तर एका वर्षी छप्पर फारच गळायला लागलं आणि संस्थेने घराची मोठी दुरुस्ती काढली. त्यासाठी नकाशावाल्या बाई आल्या. आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. टेप घेऊन कोपरा न् कोपरा मोजायच्या, तुळयांवर हात फिरवायच्या, तळघराच्या ओलीत उतरायच्या. माणूस गोड. ‘काकू, चहा द्या’ म्हणून हक्काने मागायच्या. ह्यांना त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. घराला सहाशे वर्षं झाली, खालचा दगड आधीचा, लाकूड नंतरचं, काचा त्याच्याही नंतरच्या. नियम एकच, जुनं असेल ते जपायचं, नंतर कुणी चिकटवलेलं असेल ते काढायचं. हे मन लावून ऐकायचे. बाईंनी पाठ केलं नसेल एवढं ह्यांनी केलं.

मग एक दिवस त्याच बाई चहाचा कप हातात धरून नुसत्या बसल्या. म्हणाल्या, ‘काका, मागची ही जागा नंतरची भर दिसते. हिच्यामुळे चौकातलं पाणी अडतं आणि मुख्य घराची मागची भिंत ओल धरते. ही काढावी लागेल.’

‘म्हणजे स्वयंपाकघर?’

‘दोन्ही खोल्या. तुम्हाला संस्था दुसरीकडे जागा देणार आहे. नव्या इमारतीत. लिफ्ट आहे, ऊन येतं.’

खरं सांगते, मला आनंद झाला. का होऊ नये? दिवसभर इस्त्रीपुढे उभं राहायचं, घरी येऊन ओणवं व्हायचं, न्हाणीसाठी चौक ओलांडायचा, हिवाळ्यात अंथरूण गार ओलं. माझे गुडघे ऐकत होते आणि म्हणत होते, घे, घे, घे. ऊन येतं म्हणजे काय, त्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी मनातल्या मनात नव्या गच्चीवर कपडेसुद्धा वाळत घातले.

बाई गेल्यावर ह्यांच्याकडे बघितलं तर हे भिंतीला टेकून बसलेले. चेहरा असा, जणू कुणाचं दुखणं कळलंय.

‘अहो, लिफ्ट आहे म्हणतायत.’

‘मी नाही जाणार.’

‘म्हणजे काय? पाडणार आहेत. ढिगाऱ्यात बसणार?’

‘मला भीती वाटते गं,’ हे म्हणाले. एवढा मोठा माणूस. ‘इथे मला डोळे मिटून सगळं कळतं. कुठली पायरी सैल आहे, कुठली झडप कुरकुरते. तिथे मी कोण? लिफ्टमधून वर जाणारा एक म्हातारा.’

मी भांडी घासायला घेतली. वाटलं, दोन दिवस कुढतील आणि गप्प बसतील. पण ह्यांच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. जुनं असेल ते राहणार. म्हणजे आपली खोली जुनी ठरली की झालं! माणसाला एकदा एखादी गोष्ट हवीशी झाली की तो अर्धाच नियम ऐकतो.

सुट्टी नव्हती त्या दिवशी. मी लॉंड्रीतून पाय ओढत आले तर चौकात चुन्याचे पोपडे पडलेले. धावत गेले. सवयीने वाकले म्हणून कपाळ वाचलं. आत धुरळाच धुरळा. शेगडी बाजूला ओढलेली, दुधाच्या पातेल्यात माती, माझ्या डब्यांवर पांढरा थर, आणि हे हातोडी-पटाशी घेऊन भिंतीला भिडलेले. डागाच्या जागी भलं मोठं भगदाड.

‘अहो, वेड लागलंय का तुम्हाला?’ मी ओरडले. ‘पाडायचीच आहे तर ते पाडतील ना! तुम्हाला कसली घाई? संध्याकाळी काय खायचं, चुना?’

‘बघ तरी,’ हे म्हणाले. पापण्यांपर्यंत पांढरे झाले होते. ‘अगं, बघ तरी आत.’

बघितलं. चुना, त्याखाली गिलावा, त्याखाली विटा रचून काहीतरी बुजवलेलं. ह्यांनी वरच्या विटा काढल्या होत्या आणि आत दगडाची कमान दिसत होती. काळी कुळकुळीत. मी बोट लावलं तर बोट काळं झालं.

हे म्हणाले, ‘दार आहे. इथून पूर्वी पलीकडे रस्ता असणार. शत्रू आला की पळून जायला.’

पुन्हा शत्रू. मी कपाळाला हात लावला आणि तोही काळाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी बाईंना बोलावलं. त्या वाकून आत आल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मग गुडघे टेकून जमिनीवर बसल्या, चांगले कपडे होते तरी. कमानीत हात घातला, वर चाचपलं, मान तिरकी करून आत पाहिलं. शेवटी म्हणाल्या, ‘काका, दार नाही हे. चूल आहे. वर धुराडं आहे, पार छपरापर्यंत गेलेलं. काजळी दगडात मुरलीय. म्हणून तुमचा डाग जात नव्हता.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. ‘ऐकलंत? माझं दूध नव्हतं ते.’

‘आणि काका,’ बाई कमानीवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘ही पुढच्या घरापेक्षा जुनी आहे. आधी इथे मागे ही खोली असणार. घर इथून पुढे, रस्त्याकडे वाढत गेलं. माझंच चुकलं. मी उलटं समजत होते.’

पुढचे दिवस म्हणजे नुसती जत्रा. संस्थेचे लोक आले, फोटोवाले आले, दिवे लावून मोजमापं झाली. उरलेल्या विटा त्यांच्या माणसांनी अलगद काढल्या. चूल एवढी मोठी की मी आत उभी राहू शकले असते. अध्यक्षांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे सगळ्यांना दारात थांबवून ‘डोकं सांभाळा, डोकं सांभाळा’ करत होते आणि चेहरा असा फुललेला की लग्नातही मी तसा पाहिला नव्हता. मी शेगडी झोपायच्या खोलीत नेऊन तिथे कसाबसा चहा करत होते, किती कप ते विचारू नका. लेकीला फोन लावून हे ओरडले, ‘वाचलं गं आपलं घर! पाडायचं रद्द!’

लिफ्ट गेली, ऊन गेलं. मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण ह्यांच्याकडे बघून वाटलं, जाऊ दे बाई. एका माणसाला एवढा आनंद झालेला बघायला तरी कुठे मिळतो.

आठवडा झाला असेल. दुपारी बाई एकट्याच आल्या. चहा नको म्हणाल्या.

‘काका, खोली पाडायची नाही, ते पक्कं झालं.’

‘माहीत आहे,’ हे हसले.

‘पण इथे आता शेगडी पेटवता येणार नाही. वाफ नको, पाणी नको.’

‘नाही पेटवणार. आम्ही बाहेरून आणून खाऊ. काय गं?’

मला पुढचं दिसायला लागलं होतं.

‘राहताही येणार नाही, काका. घरातली ही सगळ्यात जुनी जागा आहे. ही सगळ्यांना बघायला खुली ठेवायची ठरलंय. मी खूप सांगून पाहिलं त्यांना.’

हे अगदी हळू, एखादं पोर विचारेल तसं म्हणाले, ‘पण मीच तर दाखवली ना?’

‘हो,’ बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

माझा मात्र पारा चढला. ‘वा!’ म्हटलं, ‘नवी होती तेव्हा आम्ही नको, जुनी निघाली तरी आम्हीच नको? बाई, सहाशे वर्षं जिथे धूर झाला तिथे माझ्या चहाच्या वाफेने काय कोसळणार आहे?’

‘काकू, तुमचं काही चूक नाही,’ त्या म्हणाल्या. यापुढे भांडायचं कुणाशी? ती बिचारी स्वतःच रडत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते आमच्या घरात असं समोर येऊन बसलं. ह्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पटाशीने घर वाचवलं आणि स्वतःच बाहेर पडले. मी हे तोंडावर कधी बोलले नाही. इतर हजार गोष्टींवरून बोलते, ही एक सोडून.

नव्या इमारतीत आलो. लिफ्ट आहे. ऊन येतं, दुपारपर्यंत असतं. न्हाणी आत. दारं एवढी उंच की दोन किल्लीवाले एकावर एक उभे राहतील. आणि हे प्रत्येक दारात वाकायचे. बाहेरच्या दारात वाकायचे, न्हाणीच्या दारात वाकायचे, लिफ्टमध्ये शिरताना वाकायचे. लिफ्टमधल्या बायका सुरुवातीला नमस्कार समजून नमस्कार करायच्या. मी हसायचे, मग हसता हसता गप्प व्हायचे.

या जागेला हे ‘त्या खोल्या’ म्हणायचे. घर म्हणजे ते. चहा झाला की पायात चपला घालत म्हणायचे, ‘घरी काय चाललंय बघून येतो.’ मी मुद्दाम विचारायचे, ‘कुठल्या घरी?’ की हे चिडायचे. दुरुस्तीच्या बांबूंबाहेर उभे राहायचे. आत सोडत नसत. सांगितलं होतं, काम संपलं की कळवू. कळवलं ते एवढंच, की आता राखणदारीचं काम एका कंपनीला दिलंय, तुमचं वयही झालंय, आराम करा. घर फिरलं की वासेही फिरतात. ह्यांनी तर त्या घराचा एकेक वासा हाताने पुसला होता.

त्यानंतर हे हळूहळू रोज जाईनासे झाले. खुर्ची उन्हात ओढून बसायचे. आणि एक गोष्ट झाली, ती मला आधी कळलीच नाही. एकदा ह्यांच्या सदऱ्याला इस्त्री करून तो घालायला दिला तर पुढून आखूड दिसायला लागला. म्हटलं, आटला की काय. आटला नव्हता. ह्यांची मान सरळ होत चालली होती. दारात वाकणं कधी थांबलं कुणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले, बघा, जागा बदलली ते बरंच झालं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कितीतरी वर्षांनी मला माझा नवरा उंच दिसला.

घराचं काम संपलं आणि लोकांसाठी उघडायचं ठरलं तेव्हा बाईंनी स्वतः येऊन बोलावलं. ह्यांनी रात्री नीट जेवण केलं नाही. सकाळी मला तीनदा इस्त्री तापवायला लावली, एकदा सदऱ्यासाठी, एकदा पँटसाठी आणि एकदा पुन्हा सदऱ्यासाठी, कारण तो घालून हे उगाचच बसले होते.

घर छान केलं होतं, नाव ठेवायला जागा नाही. तुळया पुसून काळ्याभोर, झडपांना तेल दिलेलं, कप्पीला नवा दोर. माणसांची ही गर्दी. हे पुढच्या दारातून आत शिरले आणि जे सुटले ते सुटले. मी मागून म्हणतेय, अहो, हळू, पण ऐकतंय कोण? डावीकडे बघ, ही झडप मी बसवली. इकडे बघ, इथली पायरी बदलली वाटतं. बोळातून असे चालले होते, की जणू कामावर उशीर झालाय. चौकात बाई भेटल्या, ‘काका!’ म्हणाल्या, तर त्यांच्याकडे बघून हसले आणि थांबलेही नाहीत. ह्यांना माझ्या स्वयंपाकघरात जायचं होतं. मान ताठ, छाती पुढे, डोळे आतल्या कमानीवर.

खाड्कन आवाज आला.

एवढा मोठा आवाज की चौकातली माणसं वळून बघायला लागली. हे दोन पावलं मागे आले आणि उंबऱ्यावर मटकन बसले. कपाळावर हात, बोटांतून रक्त. मी धावले, पदर लावला. दारापाशी गणवेशातली एक बाई उभी होती, कंपनीची. ती वाकून म्हणाली, ‘काका, डोकं सांभाळा ना. सकाळपासून सगळ्यांना सांगतेय. आधी कधी आला नाहीत का इथे?’

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. पण तिचा काय दोष? ती तेच बोलत होती जे ह्यांनी जन्मभर म्हटलं होतं.

हे तिच्याकडे बघत राहिले. मग मान वर करून त्या दगडाकडे बघितलं. वाटलं, हे चिडतील, सांगतील की मी इथे कोण होतो. मला तर सांगायचंच होतं, शब्द ओठांवर आले होते. ह्यांनी माझा हात दाबला.

‘नाही हो,’ तिला म्हणाले. ‘लक्षात नाही राहिलं.’

एवढं बोलले आणि रडायला लागले. आवाज न करता, एवढ्या लोकांत, पोरासारखे. लोकांना वाटलं लागलं म्हणून. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची. नकाशावाल्या बाई धावत आल्या. त्यांना कळलं असावं, कारण त्या ह्यांच्या शेजारी उंबऱ्यावरच बसल्या.

मी आत नजर टाकली. चुलीपुढे दोर बांधला होता. आत मंद दिवा. माझा कालथा टांगायचा खिळा काढून भोक बुजवलं होतं, कुठे होता तेही कळू नये इतकं नीट. भिंत स्वच्छ. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझाच राग आला, कारण त्या खोलीला मी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या.

थोड्या वेळाने हे उठले. रुमालाने तोंड पुसलं. मी विचारलं, आत जाऊन बघायचं का? दोराच्या अलीकडून बघता येतं.

‘नको. बघून झालं.’

‘मग?’

‘चल, घरी जाऊ.’

कुठल्या, हे माझ्या जिभेवर सवयीने आलंच होतं. पण हे तोवर चौक ओलांडून बोळात शिरले होते. पुढच्या दारापाशी थांबले आणि वाकले. गरज होती त्यापेक्षा खूप जास्त वाकले, पहिल्यांदा आलेला पाहुणा वाकतो तसे, एक हात डोक्यावर धरून. मग रस्त्यावर आले आणि नव्या इमारतीकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे वळले.